रवान शेकली जाते तेव्हा

मॉरिशसच्या समुद्रकाठच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या हॉटेलात आठवड्यातला एखादा वार सेगासाठी, म्हणजे तिथल्या पारंपरिक गाण्या-नाचासाठी, राखून ठेवलेला असतो. रात्रीच्या बुफेची टेबले अर्धी रिकामी झालेली असतात, मुले आइस्क्रीमच्या काउंटरभोवती घुटमळत असतात आणि तरणतलावाच्या कडेला उभारलेल्या छोट्या मंचावर वादक येऊन बसतात. मग रुंद घेराचे, फुलाफुलांचे झगे घातलेल्या नर्तकी येतात, पोटरीपर्यंत पँट दुमडलेले आणि गवती टोप्या घातलेले पुरुष येतात, चार-पाच गाणी होतात, पाहुण्यांना हाताला धरून नाचायला नेले जाते, फोटो निघतात आणि तासाभरात सारे आटोपते. मुंबईहून थेट विमानाने मधुचंद्रासाठी येणारी मराठी जोडपी आणि सहलींबरोबर आलेली कुटुंबे सेगा म्हणून जे पाहून परततात ते बहुधा एवढेच. या कार्यक्रमाला मी खोटा म्हणणार नाही. त्यातले वादक खरे असतात, ताल खरा असतो, आणि त्या वादकांपैकी अनेकांचे घर याच मानधनावर चालते. पण तो घड्याळ लावून, जेवणाच्या जोडीला म्हणून वाजवलेला सेगा असतो. ज्या माणसांनी हे संगीत घडवले त्यांच्या आयुष्यात रात्र एवढीच काय ती स्वतःची होती, आणि म्हणूनच सेगा ऐकताना ती रात्र कोणासाठी चालली आहे हे आधी पाहावे, असे मला तिथे राहिल्यावर वाटू लागले.

हे समजून घ्यायला बेटाचा थोडा इतिहास लागतो. मॉरिशसला मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. डच आले आणि सोडून गेले, 1715 मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतले, 1810 मध्ये ते इंग्रजांकडे गेले. फ्रेंचांच्या अमलात मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हजारो माणसे गुलाम म्हणून आणली गेली आणि मळ्यांवर, बंदरावर, घरांघरांत जुंपली गेली. 1723 च्या फ्रेंच गुलाम-कायद्यात वेगवेगळ्या मालकांच्या गुलामांनी दिवसा वा रात्री एकत्र जमण्यावर बंदी होती. ज्या गोष्टीवर बंदी घालावी लागते ती होत असणारच, हे उघड आहे. दिवसभर मळ्यात राबलेली, एकमेकांची भाषा न कळणारी माणसे अंधार पडल्यावर मालकाच्या घरापासून दूर जमत, जे हाताशी असेल ते बडवत, आणि त्या ठोक्यावर, हळूहळू तयार होत असलेल्या क्रेओल भाषेत गात. 1835 मध्ये गुलामगिरी संपली, पण प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात आणि चर्चच्या नजरेत सेगाला स्थान मिळायला त्यानंतरही शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. अंगाला अंग जवळ आणणारे, दारूच्या वासाचे, खालच्या वस्तीतले गाणे अशीच त्याची ओळख सांगितली जाई. लावणीबद्दल आपल्याकडच्या सभ्य घरांतून काय बोलले जात होते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही वाक्ये नवी वाटणार नाहीत.

या संगीताचा प्राण म्हणजे रवान. लाकडाच्या पातळ, रुंद, गोल चौकटीवर बकरीचे कातडे ताणून बसवलेले हे वाद्य आपल्या डफाच्या कुळातले, पण आकाराने चांगले मोठे. वादक ते मांडीवर उभे टेकवतो, एका हाताच्या तळव्याने मधोमध घुमारा काढतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी काठावर बारीक काम करतो. समुद्राच्या दमट हवेत कातडे ओल धरते, सैल पडते आणि आवाज बसतो. म्हणून वाजवण्यापूर्वी, आणि पुढे रात्रभर अधूनमधून, रवान शेकावी लागते. वाळलेल्या माडाच्या झावळ्या पेटवून त्या जाळावर वादक ती गोल फिरवत राहतो, मध्येच कानाजवळ नेऊन बोटाने टिचकी मारतो, पुन्हा जाळावर धरतो. गावाकडच्या मिरवणुकीपूर्वी रस्त्याच्या कडेला पाचट पेटवून हलगी तापवणारे हात मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्या बेटावर तीच हालचाल, तीच टिचकी आणि केस जळल्यासारखा तोच किंचित वास आला, तेव्हा मी बराच वेळ नाचाकडे न पाहता त्या जाळाकडेच पाहत राहिले. रवानच्या जोडीला मारावान असते, म्हणजे आत बिया भरलेली चपटी, चौकोनी पेटी, जी दोन्ही हातांत आडवी धरून हलवतात. लोखंडाचा एक त्रिकोण असतो, आणि त्यावर माणसांचे आवाज. अस्सल, म्हणजे ज्याला तिथले लोक सेगा तिपीक म्हणतात त्या सेगात याहून जास्त काही लागत नाही.

ताल सहा मात्रांचा. पण दादऱ्याच्या सवयीने तीन-तीनचे खंड धरून आपण टाळी देऊ लागलो की थोड्याच वेळात आपला हात चुकतो, कारण रवानवरचा भारी ठोका तीनच्या हिशेबाने चालत असतानाच मारावान त्याच सहा मात्रा दोन-दोनमध्ये वाटून घेत असते. दोन्ही एकाच वेळी ऐकू यायला लागले की मगच अंग हलते. नाचाची रीतही याच ठेक्यातून आलेली आहे. पावले जमिनीवरून उचलायची नाहीत, वाळूत सरकवायची. कंबर हलते, हात मोकळे असतात, स्त्री-पुरुष समोरासमोर येतात, जवळ येतात, स्पर्श होणार असे वाटता वाटता बाजूला होतात, आणि ठेका चढत गेला की गुडघे वाकवत वाकवत जमिनीपर्यंत खाली उतरतात. पायांत बेड्या असल्यामुळे पावले उचलता येत नसत, असे याचे स्पष्टीकरण तिथले मार्गदर्शक पाहुण्यांना हमखास देतात. मला ते पुरेसे वाटत नाही. वाळूत नाचणारा कोणीही माणूस पाय सरकवतच नाचेल, आणि प्रत्येक हालचालीला दुःखाचा अर्थ चिकटवला की त्या माणसांच्या वाट्याला आलेला आनंद आपण नाकारतो.

गाण्यांचे विषय मात्र अगदी रोजचे असतात. सोडून गेलेली बायको, उधार न देणारा दुकानदार, मुकादमाची मिजास, शेजारणीचा तोरा. मुख्य गायक एक ओळ फेकतो, भोवतालचे ती उचलतात, आणि ओळी तिथल्या तिथे जुळवल्या जातात. या परंपरेतले सर्वांत मोठे नाव म्हणजे ती फ्रेर. ज्याँ आल्फोन्स राव्हातों हे त्यांचे खरे नाव, जन्म 1900 चा. 1964 मध्ये ल मॉर्न पर्वताच्या पायथ्याशी ‘सेगाची रात्र’ साजरी झाली आणि तिथे त्यांना सेगाचा राजा म्हणून गौरवले गेले. जागेची निवडही लक्षात घेण्यासारखी आहे. पळून गेलेले गुलाम याच ल मॉर्नच्या कड्यांमध्ये आसरा घेत, आणि 2008 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती याच कारणासाठी. त्या रात्री पहिल्यांदा सेगा उघडपणे, सन्मानाने, सर्वांच्या देखत गायला गेला असे आज मानतात. ती फ्रेर यांचे 1992 मध्ये निधन झाले. त्यांच्या उतारवयातली ध्वनिमुद्रणे आज कोणालाही ऐकता येतात. आवाज खरखरीत आहे, दम कमी पडतो आहे, आणि तरीही मागे उरलेल्या शब्दाला ते पुढच्या ठोक्यावर अशा काही सहजतेने गाठतात की ऐकणाऱ्याने जागेवरून उठू नये.

हे सारे हॉटेलाबाहेर आज कुठे ऐकायला मिळते, तर रविवारी किनाऱ्यावर. मॉरिशसचे किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू कोणा हॉटेलच्या मालकीची होऊ शकत नाही, आणि बेटावरचे लोक हा हक्क मनापासून बजावतात. फ्लिक-आँ-फ्लाक किंवा माँ श्वाझीच्या सुरूच्या बनात रविवारी सकाळपासून भाड्याच्या बसगाड्या येऊन थांबतात. आजी-आजोबांसकट सगळे कुटुंब उतरते, ताडपत्र्या बांधल्या जातात, बिर्याणीचे टोप उतरतात, डाळीचे तिखट वडे आणि अळूची भजी कागदात बांधून आलेली असतात, बर्फाच्या पेटीत फिनिक्स बिअरच्या बाटल्या असतात. कोकणातल्या सुरूच्या बनात डबा उघडून बसलेल्यांना यातले काहीच परके वाटणार नाही. दुपारची जेवणे होतात, पत्ते होतात, आणि उन्हे कलली की कुठल्या तरी ताडपत्रीखालून पहिला ठोका येतो. रवान नसेल तर पाण्याचा प्लॅस्टिकचा बुधला चालतो, बाटलीवर चमचा चालतो. या बैठकीला प्रेक्षक नसतात. स्वयंपाकात गुंतलेली बाई पदराला हात पुसावेत तसे कमरेच्या फडक्याला हात पुसते, तिथेच दोन फेरे नाचते आणि पुन्हा टोपाकडे वळते. एका कुटुंबाने मला आग्रहाने बसवून घेतले, ताट दिले, आणि त्यानंतर तासभर कोणी माझ्याकडे लक्ष दिले नाही. ऐकायला आलेल्या परक्या माणसाला याहून मोठा मान देता येतो असे मला वाटत नाही.

उत्तरेकडच्या ग्राँ बे या गावाची रात्र वेगळी. बेटावरचे बार, डिस्को आणि पहाटेपर्यंत उघडी राहणारी ठिकाणे प्रामुख्याने तिथे एकवटलेली आहेत. इतरत्र संध्याकाळनंतर बसगाड्या विरळ होत जातात आणि गावे लवकर निजतात. ग्राँ बेच्या मुख्य रस्त्यावर शनिवारी चालत गेले की एका दारातून इलेक्ट्रॉनिक संगीत, दुसऱ्यातून रेगे आणि तिसऱ्यातून जुनी फ्रेंच गाणी एकाच वेळी अंगावर येतात. इथे अनेक ठिकाणी जिवंत संगीत म्हणजे एक गायक, एक गिटार आणि बाकीचे सारे लॅपटॉपमधले, असा प्रकार असतो. जागेच्या मालकाला चार वादकांपेक्षा एकाचे मानधन परवडते, हे त्यामागचे साधे कारण. अशाच एका जागी आम्हाला पाहून गायकाने लगेच एक हिंदी सिनेगीत सुरू केले. तो ते छान गात होता आणि आदरातिथ्याच्या भावनेनेच गात होता. गाणे संपल्यावर मी जवळ जाऊन त्याला विचारले, की तुम्हाला स्वतःला आवडणारा एखादा सेगा गाल का. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, लॅपटॉप बंद केला, गिटार उलटी मांडीवर घेतली आणि तिच्या पाठीवर तळव्याने ठेका धरला. दुसऱ्या कडव्याला स्वयंपाकघराचे दार उघडले आणि आतली दोन-तीन माणसे ॲप्रनसकट बाहेर येऊन टाळ्या देऊ लागली. वाढपी ट्रे बाजूला ठेवून साथीच्या ओळी गात होता. जेवणारे पाहुणे माना वळवून पाहत होते आणि त्यांना हे गाणे आपल्यासाठी नाही हे बहुधा कळलेही असावे, पण त्या संध्याकाळी सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

हॉटेलांनी सेगा बिघडवला असे सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पर्यटन वाढले तशी वादकांना नियमित कामे मिळाली, आणि विजेची गिटार, कीबोर्ड, ड्रम यांच्या साथीने सेगा नव्या पिढीच्या पार्ट्यांत आणि लग्नांत पोचला. ऊसमळ्यांवर भोजपुरी बोलणाऱ्या घरांतली मुलेही त्यात उतरली आणि भोजपुरी बॉईजसारख्या वृंदांनी आपल्या बोलीतली गाणी त्याच ठेक्यावर बांधली. मला खटकते ते एवढेच की हॉटेलातल्या रवानला आता अनेकदा कृत्रिम पडदा असतो. तो दमट हवेत सैल पडत नाही, शेकावा लागत नाही, आणि कार्यक्रम वेळेवर सुरू होतो. सोय मोठी आहे. पण जाळाभोवती उभे राहून वाट पाहण्याचा जो वेळ असतो, ज्या वेळात गप्पा रंगतात, कोणी तरी हलकेच ओळ गुणगुणते आणि गाणे कधी सुरू झाले ते कळत नाही, तो वेळ त्या सोयीबरोबर निघून जातो.

आणि सेगा म्हणजे केवळ फुलाफुलांचे झगे नव्हेत, हे ज्याने सगळ्या बेटाला ऐकवले त्या कायाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जोसेफ रेजिनाल्ड तोपीझ हे त्याचे नाव, जन्म 1960 चा, पोर्ट लुईच्या कडेच्या रोश ब्वा या गरीब वस्तीतला. सेगा आणि रेगे यांच्या मिश्रणातून त्याने ऐंशीच्या दशकात सेग्गे नावाचा प्रकार घडवला. त्याच्या गाण्यांत क्रेओल समाजाची, म्हणजे मुख्यतः त्या गुलामांच्या वंशजांची, उपेक्षा होती, आफ्रिकेची आठवण होती, आणि बेटावरच्या सगळ्या जातीधर्मांनी एकत्र राहावे ही कळकळही होती. फेब्रुवारी 1999 मध्ये रोझ हिल इथे, गांजाच्या सेवनाला गुन्हा मानू नये या मागणीसाठी भरलेल्या मैफलीत त्याने गांजा ओढला. त्याला अटक झाली, आणि 21 फेब्रुवारीला तो पोलीस कोठडीत मृतावस्थेत आढळला. तो अडतीस वर्षांचा होता. त्यानंतरचे काही दिवस बेट पेटले होते. दुकाने जळली, माणसे मेली, बर्जे आगात हा आणखी एक गायक पोलिसांच्या गोळीबारात गेला. शांत, निळ्याशार पाण्याचे बेट म्हणून ज्याची छायाचित्रे जगभर फिरतात त्या देशाला आपल्यातली दरी त्या आठवड्यात उघडी पडलेली दिसली. आज बेटावर कुठेही तरुणांची मैफल रंगली की कायाचे गाणे येतेच, आणि ते आले की नाचणारेही गाऊ लागतात. पुस्तिकांत छापलेल्या रात्रजीवनाच्या वर्णनांत त्याचे नाव क्वचितच असते. ते असायला हवे.

2014 मध्ये युनेस्कोने पारंपरिक मॉरिशियन सेगाचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. 2017 मध्ये मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटाचा सेगा तांबूर याच यादीत आला. तिथली वादनशैली अधिक वेगवान आणि कडक आहे. मधल्या वर्षी, 2016 मध्ये, भोजपुरी घरांतल्या लग्नापूर्वीच्या गीत-गवईलाही तोच मान मिळाला होता. अशा मान्यतांनी गाणे जगते असे मला वाटत नाही, पण मुलांना रवान शिकवणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहायला त्यांचा उपयोग होतो. मेनवारसारख्या वादकाने रवान घेऊन जगभर प्रवास केला आणि ती शिकवलीही. हल्ली शिकणाऱ्यांत मुलीही दिसतात.

मॉरिशसशी आपले नाते मधुचंद्राच्या सहलींपेक्षा पुष्कळ जुने आहे. गुलामगिरी संपत आली तेव्हा उसाच्या मळ्यांसाठी 1834 पासून करारावर जवळजवळ पाच लाख मजूर हिंदुस्थानातून नेले गेले, आणि त्यांत कोकणातली माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी मराठी नावे, देव आणि गणपती टिकवला. तिथे 1896 पासून गणेशोत्सव होतो असे सांगतात, आणि गणेश चतुर्थीला आज देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मी गेले ते याच दिवसांत. दक्षिण गोलार्धात भाद्रपद हा थंडीचा शेवट, मळ्यांत ऊसतोड चालू, आणि वाक्वाच्या बाजूच्या पठारावर रात्री चांगलाच गारठा. ज्या घरी उतरले होते तिथल्या मावशी माझ्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोलत आणि सुनेशी क्रेओलमध्ये, पण आरत्यांमधला एक शब्द त्यांचा चुकत नव्हता. रात्री झाकरी झाली. आपल्या रत्नागिरीकडच्या जाखडीचेच हे भावंड. गाणारे-वाजवणारे मधोमध, नाचणारे भोवती गोलात, ढोलकी, झांज आणि सवाल-जबाबाच्या ढंगाची गाणी. शब्द काही ठिकाणी झिजून गुळगुळीत झालेले होते, अर्थ गाणाऱ्यांनाही नीट ठाऊक नव्हता, पण फेऱ्याची लय, वळताना खाली झुकणे आणि शेवटी वाढत जाणारी गती यांत काहीही हरवलेले नव्हते.

ढोलकीवर बसलेला मुलगा पंचविशीचा असेल. विसर्जन होऊन घरात पुन्हा सामिष स्वयंपाक शिजू लागला त्या संध्याकाळी त्याच्याशी निवांत बोलणे झाले. तो आठवड्यातल्या काही रात्री एका हॉटेलात रवान वाजवतो. त्याला हॉटेलाबद्दल तक्रार नव्हती, फक्त तिथे गाणी छोटी करावी लागतात, एवढे त्याने सांगितले. सेगा तो मित्रांकडून शिकला होता आणि ढोलकी आजोबांकडून, आणि या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कुठेही वेगळ्या नव्हत्या. कोकणात जाखडी अजून होते का, किती वेळ चालते, हे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. शक्तीवाले आणि तुरेवाले हे जाखडीतले दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले की पहाट होते, हे मी सांगितले तेव्हा त्याने ते घरातल्या सगळ्यांना क्रेओलमध्ये समजावले, आणि मावशींनी विचारले, “एवढा वेळ चालते, तर मग जेवतात कधी?”

परतल्यावर मी त्याला राजापूरकडच्या एका जाखडीचे ध्वनिमुद्रण पाठवले. त्याचे उत्तर यायला वेळ लागला. त्याला ढोलकीची सुरुवात ओळखीची वाटली होती, चाळांचा नाद मारावानमध्ये घेता येईल असे त्याने लिहिले होते, आणि शेवटच्या चढत्या फेऱ्यातला हात त्यांच्याकडच्यापेक्षा वेगळा पडतो, तो नेमका कसा ते पुन्हा सावकाश वाजवून कोणी पाठवेल का, अशी विनंती केली होती. गावातल्या ढोलकीवाल्या काकांनी अंगणात बसून तो हात तीन वेगवेगळ्या लयींत वाजवून दिला, आणि तिकडे रवानवर हे कसे लागते ते आम्हालाही ऐकव, असा निरोप त्याच्यासाठी सोबत जोडायला सांगितला.